अर्धाच पाहिलेला किल्ला

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत मी गेली अनेक वर्षे लिहीत आलो आहे. लसीकरण, स्तनपान, परीक्षेच्या दिवसांतील मुलांचा आहार असे बालरोगतज्ज्ञाला शोभणारे विषय आजवर हाताळले. या वर्षी संपादकांचा फोन आला तेव्हा मी म्हटले, “यंदा एका व्हिडिओ गेमवर लिहितो.” पलीकडे क्षणभर शांतता पसरली. ती स्वाभाविकच होती. ज्याने आपल्या बाह्यरुग्ण कक्षात पालकांना ‘पोराच्या हातातला मोबाइल आधी काढून घ्या’ असे हजारो वेळा बजावले, त्यानेच असा विषय निवडावा, हे विपरीतच. पण या खेळाशी माझा एक जुना हिशेब आहे, आणि तो चुकता करण्यासाठी माझ्या समव्यवसायी बंधुभगिनींपुढे उभे राहण्यावाचून दुसरा मार्ग मला दिसत नाही.

२०२० सालची दिवाळी जवळ आली होती. टाळेबंदी सैल झाली असली तरी दवाखान्यात वर्दळ नव्हती. आपल्या इंदूरचा सराफाही रात्री ओस पडत असे. मुलगी घरूनच काम करीत होती. माझे जुन्या पुस्तकांचे कपाट आवरताना तिला एक चौकटींची वही सापडली. शाळेत गणिताला वापरतात तसली, शंभर पानी, कडा पिवळ्या पडलेली. आतल्या मधल्या जोडपानावर निळ्या शाईने असंख्य चौकोन एकमेकांना जोडून काढले होते. काही खोल्या रंगवलेल्या, काहींवर फुली.

“बाबा, हा सिम्फनी ऑफ द नाइटचा नकाशा आहे. तुमच्याकडे कसा?” तिने विचारले.

मी चकित झालो. नुसत्या चौकोनांच्या आकृतीवरून तिने तो किल्ला ओळखला होता. मग वही जरा लांब धरून ती म्हणाली, “पण ज्याने काढलाय, त्याने अर्धाच खेळ पाहिलाय.”

ते वाक्य मी पुष्कळ दिवस विसरू शकलो नाही. का, ते सांगण्यासाठी मला १९९८ सालात मागे जावे लागेल.

तेव्हा मी एम. डी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या वॉर्डात दर आठवड्याला एक दिवस थॅलेसेमियाच्या मुलांचा असे. सकाळी आठपासून आया आपापल्या मुलांना घेऊन बाकांवर बसत. रक्तपेढीतून पिशव्या येईपर्यंत अकरा वाजत, आणि रक्त चढून होईतो दुपार कलून जाई. त्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून पैसे घेऊन रक्तदान करण्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार बंदी आली होती. निर्णय योग्यच होता, पण ऐच्छिक रक्तदानाची सवय समाजाला लागायची होती, आणि मधल्या काळात एकेका पिशवीसाठी नातेवाइकांची धावपळ होई.

त्या मुलांत अकरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे नाव मी येथे देत नाही. वडिलांचे छोटेसे दुकान, घरात एक धाकटी बहीण. वयाच्या मानाने ठेंगणा, गालांची हाडे वर आलेली, आणि डोळे विलक्षण चौकस. दुबईला असलेल्या मामाने त्याला प्लेस्टेशन आणून दिले होते. दर तीन आठवड्यांनी डाव्या हाताला सुई लागली की उजव्या हाताने तो ही वही उघडी आणि घरी पाहिलेल्या खोल्या आठवून आठवून काढीत बसे.

पहिल्यांदा मी विचारले तेव्हा त्याने मला तज्ज्ञाच्या गांभीर्याने समजावून सांगितले, “हा ड्रॅक्युलाचा किल्ला आहे, डॉक्टरदादा. आत जो फिरतो तो त्याचाच मुलगा. ड्रॅक्युला उलटा वाचला की त्याचं नाव होतं, अलुकार्ड. आई माणूस होती, बाप रक्त पिणारा. म्हणून हा अर्धा-अर्धा.” आणि मग पिशवीतून थेंब थेंब उतरणाऱ्या रक्ताकडे पाहत तो हसून म्हणाला, “त्याला नुसतं बापाकडून आलं. मला दोघांकडून आलंय.”

अलिंगी अप्रभावी आनुवंशिकतेची याहून नेमकी व्याख्या मी आजतागायत ऐकलेली नाही.

ज्यांना या खेळाची काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जपानच्या कोनामी या कंपनीची कॅसलव्हेनिया ही मालिका १९८६ साली सुरू झाली. सिम्फनी ऑफ द नाइट हा तिच्यातला खेळ मार्च १९९७मध्ये जपानात आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. जपानी नावाचा अर्थ होतो ‘चांदण्यातील निशागीत’. दिग्दर्शक तोरू हागिहारा, त्यांचे साहाय्यक कोजी इगाराशी, पात्रांची चित्रे आयामी कोजिमा यांची आणि संगीत मिचिरु यामाने यांचे. कथा घडते १७९७ साली. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ची. म्हणजे कादंबरीच्या शताब्दीच्या वर्षी हा खेळ आला, आणि त्याची कथा कादंबरीच्याही शंभर वर्षे मागे नेऊन ठेवली.

पडके किल्ले, तळघरे, घराण्याचे शाप आणि भिंतीआडची रहस्ये यांचे जे साहित्य इंग्रजीत ‘गॉथिक’ म्हणून ओळखले जाते, त्याची सुरुवात होरेस वॉलपोलच्या १७६४ सालच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’पासून मानतात. आपल्या पिढीने हा भयरस नारायण धारपांच्या पुस्तकांतून चाखला. गंमत अशी की या रक्तपिपासू परंपरेत आपले व्यवसायबंधू पदोपदी भेटतात. १८१९ साली प्रसिद्ध झालेली, इंग्रजीत गाजलेली पहिली व्हॅम्पायर कथा लिहिणारा जॉन पॉलिडोरी हा कवी बायरनचा खासगी डॉक्टर होता. एडिंबरोला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्याने निद्राभ्रमणावर प्रबंध लिहून पदवी घेतली होती. स्टोकरचा भाऊ थॉर्नली शल्यविशारद होता. खुद्द ‘ड्रॅक्युला’त डॉ. सीवर्ड मनोरुग्णालय चालवतो, आणि ल्युसी या तरुणीला वाचवण्यासाठी चार पुरुषांचे रक्त एकामागून एक तिच्या शिरांत सोडले जाते. रक्तगट वगैरे काही न पाहता! लँडस्टायनर यांनी रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला तो १९०१ साली. ड्रॅक्युलाने नव्हे, तर त्या चार रक्तदात्यांनीच तिला मारले असावे, अशी शंका कोणाही रक्तपेढीवाल्याच्या मनात यावी.

असो. खेळाचे स्वरूप असे. अलुकार्ड उत्तम शस्त्रे आणि चिलखत घालून रुबाबात किल्ल्यात शिरतो. काही खोल्या ओलांडताच साक्षात मृत्यू त्याच्या समोर उभा राहतो आणि ते सगळे काढून घेतो. पुढचा प्रवास रिकाम्या हातांनी. हळूहळू एकेक शक्ती मिळते. लांडगा होता येते, वटवाघूळ होता येते, धुके होऊन जाळीतून पलीकडे जाता येते. आधी बंद वाटलेली वाट नवी शक्ती मिळाल्यावर उघडते, म्हणून पाहिलेल्या जागी पुन्हा परतावे लागते. अशा रचनेच्या खेळांना पुढे मेट्रॉइड आणि कॅसलव्हेनिया या दोन नावांची संधी करून ‘मेट्रॉइडव्हेनिया’ असे नावच पडले.

किल्ल्यात ठिकठिकाणी विसाव्याच्या खोल्या आहेत. तेथे गेले की नायकाभोवती एक शवपेटी मिटते, झालेला प्रवास नोंदला जातो आणि जीवनशक्ती पुन्हा काठोकाठ भरते. आमच्या या छोट्या मित्राने वहीत त्या खोल्या लाल रंगवल्या होत्या. कारण विचारले तर म्हणाला, “हा आपला वॉर्ड. आलं की फुल होऊन जातो.”

एका रविवारी त्याने मला घरी बोलावले. आईने पोहे-जलेबी पुढे ठेवली. तासभर मी तो खेळ खेळलो, आणि दहा-बारा वेळा मेलो. त्याच्या धाकट्या बहिणीने टाळ्या पिटल्या. निघताना वडील मला जिन्यापर्यंत सोडायला आले. जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबून त्यांनी विचारले, “साहेब, खरं सांगा. किती वर्षं आहेत याच्याकडे?”

मी सत्तावीस वर्षांचा होतो. परीक्षा जवळ आली होती, आणि पाठ्यपुस्तकातली पाने डोळ्यांसमोर ताजी होती. मला वाटले, खोटी आशा न देणे हाच प्रामाणिकपणा. मी म्हणालो, “साधारण पंधरा-सोळापर्यंत जातात ही मुले.”

त्यांनी मान हलवली. हात जोडले. मी पायऱ्या उतरलो.

वाचकहो, आपल्यापैकी बालरोगतज्ज्ञ असलेल्यांच्या ध्यानात आलेच असेल की या उत्तरात काय चुकले. रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह शरीरात जाते आणि ते बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने केलेली नाही. ते यकृतात, अंतःस्रावी ग्रंथींत आणि शेवटी हृदयात साचत जाते. म्हणून डेस्फेरिऑक्सामिनचे औषध छोट्या पंपाने रात्रभर, आठवड्यातून पाच-सहा रात्री त्वचेखाली द्यावे लागे. ते महाग होते. डेफेरिप्रोन ही तोंडाने घ्यायची गोळी आपल्या देशात नव्वदच्या दशकाच्या मध्यावर उपलब्ध झाली होती. वेल्लोरला १९८६पासून अस्थिमज्जा प्रत्यारोपण होत होते, पण ते थोडक्यांच्या आवाक्यातले. पाठ्यपुस्तकात मी सांगितलेल्या आकड्याच्या आधी एक अट होती: ‘लोह पुरेसे काढून टाकले न गेल्यास’. आकडा मी सांगितला. अट गाळली. खोटे बोललो नाही, पण अर्धेच वाक्य उच्चारले.

पुढच्या काही महिन्यांत त्या मुलाने खेळ ‘संपवला’. रक्ताच्या दिवशी आला तो काहीसा खिन्न दिसला. म्हणाला, “शेवटी किल्ल्याच्या माथ्यावर रिक्टर भेटतो. तो खरं तर चांगला आहे, ड्रॅक्युलाला मारणाऱ्या घराण्यातला. पण आता तोच किल्ल्याचा मालक होऊन बसलाय. त्याला मारलं आणि नावं सरकायला लागली. संपला.” मग जरा थांबून म्हणाला, “असा कसा संपेल, डॉक्टरदादा? ड्रॅक्युला तर आलाच नाही.”

मी हातातल्या केसपेपरवरून मान वर न करता म्हणालो, “संपला म्हणजे संपला. आता अभ्यासाला लाग.”

१९९९ साली मी ते रुग्णालय सोडले. शेवटच्या दिवशी त्याने ही वही मला दिली. “राहिलेल्या खोल्या तुम्ही शोधा.” मी ती पुस्तकांत ठेवली आणि नव्या दवाखान्याच्या धांदलीत विसरून गेलो.

२००३ साली त्याचे वडील माझ्या दवाखान्यात आले. मुलगा गेला होता, सोळाव्या वर्षी, हृदय निकामी होऊन. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. ते मला धीर द्यावा तसे म्हणाले, “साहेब, तुम्ही सांगितलं होतं, तसंच झालं.” ओघात त्यांनी हेही सांगितले की पंप आणि औषध त्यांनी तीन-चार वर्षांपूर्वीच थांबवले होते. रक्त मात्र कधी चुकवले नाही. “वर्षं तेवढीच आहेत म्हटल्यावर पोराला रोज रात्री सुई टोचायची, आणि पोरीच्या शिक्षणाचे पैसे त्यात घालवायचे, जीवावर आलं.”

मी सांगितलेला आकडा खरा ठरला होता. तो खरा होता म्हणून ठरला, की मी सांगितला म्हणून, हे मी स्वतःला विचारण्याचे धाडस त्या दिवशी केले नाही. पुढे सतरा वर्षे केले नाही.

आता पुन्हा २०२०च्या दिवाळीकडे येतो. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये हा खेळ मोबाइलवर आला होता. मुलीने तो माझ्या फोनवर घालून दिला, सोबत एक छोटे नियंत्रक यंत्र जोडून दिले. रोज रात्री जेवणानंतर तासभर, असे मी तब्बल दोन महिने खेळलो. पन्नाशीच्या उंबरठ्यावरची बोटे आणि जवळचे न दिसणारे डोळे घेऊन मेलो तो हिशेब वेगळाच.

समीक्षकाच्या भूमिकेतून सांगायचे तर तेवीस वर्षांनंतरही या खेळाचे सौंदर्य ओसरलेले नाही. १९९७ साली सगळे जग त्रिमिती चित्रांमागे धावत असताना या मंडळींनी सपाट, हाताने रेखाटल्यासारखी चित्रे निवडली. त्या काळातली त्रिमिती चित्रे आज ओबडधोबड वाटतात. हा किल्ला मात्र अजून देखणा आहे. ग्रंथालयात हार्पसिकॉर्डच्या ढंगाचे संगीत, घड्याळाच्या मनोऱ्यात रॉकचा आवेश, प्रार्थनामंदिरात गंभीर स्वर. एकाच किल्ल्यात यामाने यांनी किती रस आणले आहेत! वाटेत खुर्ची दिसली तर नायक तिच्यावर बसू शकतो. याचा उपयोग काहीच नाही, पण म्हणूनच ते मोहक. प्रार्थनामंदिरात कबुलीजबाबाची एक खोली आहे. तेथे बसले तर कधी पडद्याआडून धर्मगुरूचे भूत येऊन आशीर्वाद देते, कधी शस्त्र खुपसते. आपण कबुली द्यायला बसलो तर पुढे काय होईल, हे आधी कळत नाही, एवढे तेथे शिकायला मिळते.

उणिवाही आहेत. इंग्रजी संवाद नाटकी आहेत. उत्तरार्धात नायक इतका बलवान होतो की लढाईतली धास्ती उरत नाही, आणि तेथे एकच संगीत फार वेळ कानी पडते. पण हे मला कळले ते उत्तरार्ध पाहिल्यामुळे, जो त्या मुलाने पाहिला नव्हता.

किल्ल्याच्या तळाशी, पाण्याच्या गुहांजवळ, विसाव्याच्या खोलीसारखीच एक खोली आहे. वहीत त्या जागी कोरी चौकट होती. तो तेथे पोचलाच नव्हता. मी आत गेलो आणि शवपेटीऐवजी एक दुःस्वप्न सुरू झाले. अलुकार्डची आई लिसा वधस्तंभाला बांधलेली, आणि तिचा जीव घेणारी माणसे. तिच्या रूपात तेथे एक मायाविनी बसली आहे, आणि ती मुलाला सांगते की माणसांचा द्वेष कर. तो ओळखतो की हे शब्द आपल्या आईचे नव्हेत. आईच्या तोंडी कोणीतरी वेगळेच वाक्य घातले आहे. तिचा पराभव केला की एक सोन्याची अंगठी मिळते.

अशा दोन अंगठ्या आहेत, एक सोन्याची, एक चांदीची. दोन्हींवर अर्धवट अक्षरे कोरली आहेत. एकच वाचली तर अर्थ लागत नाही. दोन्ही एकत्र वाचल्या तर कळते की त्या घड्याळाच्या खोलीत जाऊन घालायच्या. मग जमीन दुभंगते, खाली मारिया नावाची तरुणी भेटते आणि एक पवित्र चष्मा देते. तो चष्मा लावून रिक्टरसमोर गेले की त्याच्या डोक्याभोवती फिरणारा हिरवा गोळा दिसतो. रिक्टर स्वतःच्या मनाने वागतच नव्हता. शाफ्ट नावाच्या मांत्रिकाने त्याला अंकित केले होते. गोळ्यावर वार केला की रिक्टर वाचतो. आणि त्याच क्षणी आकाशात दुसरा, तेवढाच मोठा, संपूर्ण उलटा किल्ला प्रकट होतो.

मी फोन खाली ठेवला. माझाही चष्मा पुसावा लागला.

खेळ कितपत पाहून झाला, हे तो टक्क्यांत दाखवतो. दोन्ही किल्ल्यांतील सगळ्या खोल्या धरून ती टक्केवारी दोनशेच्याही पुढे, २००.६पर्यंत जाते. म्हणजे ज्याला वाटले आपले शंभर होत आले, त्याचे खरे तर अर्धेच झालेले असते. ‘असा कसा संपेल?’ या त्याच्या प्रश्नाला ‘संपला म्हणजे संपला’ हे माझे उत्तर दोनदा दिलेले होते. एकदा वॉर्डात त्याला, आणि त्याआधी जिन्यात त्याच्या वडिलांना.

दुसऱ्या किल्ल्यात मी पहिल्याच रात्री वाट चुकलो. मुलीने वही घेतली, फिरवून उलटी माझ्यासमोर धरली. “दुसरा किल्ला म्हणजे पहिलाच, फक्त उलटा. याच नकाशावर चालेल.” छप्परे जमिनी झाली होती, तळघरे आकाशात गेली होती, पण खोली न् खोली जुळत होती. उरलेला सगळा खेळ मी त्या अकरा वर्षांच्या मुलाच्या नकाशावर खेळलो. त्याच्या हातात तो सगळा होताच. कोणीतरी वही फिरवायला हवी होती.

अखेरीस ड्रॅक्युला येतो. तो पडल्यावर विचारतो, लिसाचे अखेरचे शब्द कोणते होते? मुलगा सांगतो. तिचा निरोप थोडक्यात असा, की माणसांचा द्वेष करू नका, त्यांच्यासोबत राहता आले नाही तर निदान त्यांना अपाय तरी करू नका, कारण त्यांचे जिणे आधीच खडतर आहे. कॅसलव्हेनियाच्या खेळांवर २०१७ ते २०२१ या काळात नेटफ्लिक्सवर जी चित्रमालिका आली, तिच्यात लिसा वैद्यकशास्त्र शिकण्यासाठीच ड्रॅक्युलाच्या किल्ल्याचे दार ठोठावते, लोकांना औषधे देते, आणि चेटकीण ठरवून जाळली जाते. म्हणजे ती आपल्यातलीच. ‘निदान अपाय करू नका’ हे तत्त्व आपण हिपोक्रेटिसच्या नावे शिकलो. ते प्रसिद्ध लॅटिन वाक्य त्याच्या शपथेत शब्दशः नाही, पण आशय त्याच्या परंपरेतलाच. शस्त्राने आणि औषधाने होणाऱ्या अपायाची भीती आपल्याला शिकवली जाते. अर्ध्या वाक्याने होणाऱ्या अपायाची कोणी शिकवत नाही.

कारण थॅलेसेमियाचाही दुसरा किल्ला होताच. डेट्रॉइटचे बालरोगतज्ज्ञ थॉमस कूली यांनी १९२५ साली या आजाराचे वर्णन केले तेव्हा ही मुले बालपणीच जात. मी जिन्यात आकडा सांगितला त्यानंतर तीनच वर्षांनी, २००१ साली, हृदयातले लोह एमआरआयवर मोजण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. २००५ साली अमेरिकेत डेफरासिरॉक्सला, दिवसातून एकदा तोंडाने घ्यायच्या औषधाला, मान्यता मिळाली. आपल्याकडे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार समाविष्ट झाला. नियमित रक्त आणि नियमित लोहनिष्कासन मिळालेले रुग्ण आज नोकरी करतात, लग्ने करतात, चाळिशी-पन्नाशी पाहतात. २०२३च्या अखेरीस ब्रिटनमध्ये जनुकसंपादनाच्या उपचाराला मान्यता मिळाली. तो मुलगा आज असता तर चाळिशीच्या घरात असता. औषधे चालू राहिली असती तर तो नक्की वाचला असता, असे मी म्हणणार नाही. तोही एक आकडाच होईल, अटीशिवायचा. पण वाट होती, आणि ती मी बंद आहे म्हणून सांगितली.

२०२२ साली एक तरुण आई आपल्या सहा महिन्यांच्या बाळाला लसीसाठी माझ्याकडे घेऊन आली. तीच धाकटी बहीण. लग्नाआधी तिने स्वतःची तपासणी करून घेतली होती. ती वाहक आहे, पती नाही, त्यामुळे बाळाला हा आजार होण्याचा धोका नव्हता. वडील काही वर्षांपूर्वी वारल्याचे तिने सांगितले. मी दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा बोलावले, कपाटातली वही तिच्यासमोर ठेवली, आणि जिन्यातले वाक्य तिला जसेच्या तसे सांगितले. त्यातली गाळलेली अटही.

ती बराच वेळ वहीची पाने उलटीत राहिली. मग म्हणाली, “डॉक्टरकाका, बाबांना शेवटपर्यंत वाटायचं की आपण विचार करून निर्णय घेतला. माझ्या कॉलेजची फी भरताना ते दादाचं नाव घ्यायचे. हे त्यांना कळलं नाही, बरं झालं.” थोड्या वेळाने, “तुम्ही मला सांगितलंत, तेही बरं झालं. पण दोन्ही एकसारखं बरं नाही.”

यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. तिने मला क्षमा केली असे मी समजत नाही, आणि मी तशी मागितलीही नाही. हे लिहिण्याची परवानगी मात्र मागितली. नावे न देण्याच्या अटीवर तिने ती दिली. वही ती घेऊन गेली.

मोबाइलबद्दलचा माझा सल्ला फारसा बदललेला नाही. दोन वर्षांखालील बाळांना पडदा नकोच, आणि दोन ते पाच वयात दिवसाला एक तासाची मर्यादा हवी, हे मी आजही सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनाला आजारांच्या वर्गीकरणात स्थान दिले आहे, ते उगीच नाही. पण आता मोठ्या मुलांना मी आणखी एक गोष्ट विचारतो, “काय खेळतोस? मला समजावून सांग.” पाच मिनिटे जातात. त्या पाच मिनिटांत मूल आपल्या आजाराबद्दल जे सांगून जाते, ते केसपेपरच्या कोणत्याच रकान्यात मावत नाही.

आणि एखादा बाप जिन्यात थांबवून ‘किती वर्षे?’ असे विचारतो, तेव्हा मी त्याला परत वर घेऊन जातो. खुर्चीवर बसवतो, मुलाच्या आईलाही बोलावतो. मग जे वाक्य बोलतो, त्याची सुरुवात ‘जर’ या शब्दाने करतो, आणि ते पूर्ण होईपर्यंत खुर्चीवरून उठत नाही.